मागच्या पानावरचा रकाना

गावातली एक पाटी अशी नव्हती, जिच्यावरून रंगारीबाबांचा हात फिरला नव्हता. सलूनची कात्री त्यांची, गिरणीच्या दारावरचं गव्हाचं कणीस त्यांचं, शाळेच्या नावातला शेपटीदार 'श' त्यांचा, बसथांब्यावरचा लाल बाण त्यांचा. आणि आता त्याच बाणाखाली उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "काय हो, हे काय लिहिलंय?"

लोक आधी हसले. म्हातारा चेष्टा करतोय म्हणाले. मग हळूहळू कुणी हसेना.

अक्षरं गेली, नावं गेली, बायको जाऊन सहा वर्षं झाली हेही गेलं. काम तेवढं गेलं नाही. रोज दिवेलागणीला बाबा पायात चपला सरकवायचे.

"कुठं निघालात, बाबा?" सून विचारायची.

"पाटी वाळली का बघून येतो."

"कुठली पाटी?"

"कुठली म्हणजे? सकाळी रंगवली ती! धूळ बसली तर लोक माझ्या नावानं खडे फोडतील, पोरी."

नवरा कारखान्यात, आठवड्यातून एक दिवस घरी. बाकीचे सहा दिवस सून आणि सासरे, दोघंच. एका संध्याकाळी ती चुलीवरचं दूध उतरवायला वळली तेवढ्यात बाबा निसटले. सापडले ते हमरस्त्यावर. टायरच्या जाहिरातीच्या दुमजली पाटीखाली, रस्त्याच्या मधोमध, हात वर करून ट्रक अडवत होते. "थांबा! धुरळा उडवू नका! रंग ओला आहे!"

दुसऱ्या दिवशी सुनेनं त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. लोहार कडी ठोकत होता तेव्हा ती स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत राहिली, आवाजात आवाज मिसळावा म्हणून. वाटलं होतं, बाबा दार बडवतील, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते आतून अगदी समजुतीनं म्हणाले, "पोरी, दार फुगलंय गं. सुताराला बोलाव."

"बोलावते, बाबा."

रोज संध्याकाळी तेच. सुताराला बोलाव. बोलावते, बाबा. ती उंबऱ्याशी बसायची आणि दाराच्या फटीतून दिसणारी त्यांची सावली इकडून तिकडे, तिकडून इकडे मोजत राहायची.

मग सिस्टर आली. म्हणजे दवाखान्यात ती होतीच, चार वर्षं गावाला सुया टोचत होती. पण कुठूनसं शिक्षण घेऊन आली आणि म्हणाली, ज्यांना विसर पडतो अशा म्हाताऱ्यांना मी बुधवारी दुपारी चित्रं काढायला बसवणार. गाव म्हणालं, घ्या! ज्यांना जेवलो की नाही ते आठवत नाही, ते आता चित्रं काढणार! सिस्टर हसून म्हणाली, "चित्राला काही आठवावं लागत नाही." आणि तिनं बंद पडलेलं दूध संकलन केंद्र झाडून घेतलं.

जागा मात्र नामी निघाली. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरश्या, त्यामुळे भिंत रंगली तरी पुसता येत होती. जमिनीला उतार आणि कडेला मोरी, पूर्वी दूध सांडलं की धुवायला. आता कुंचले धुवायला. आंबूस वास होता, पण तोही दोन बुधवारांत रंगाच्या वासाखाली दबला. सिस्टरनं कुंचल्यांच्या दांड्यांना चिंध्या गुंडाळल्या, आखडलेल्या बोटांत बसाव्या म्हणून. नियम दोनच: हे काय काढलंय असं विचारायचं नाही, आणि कुणाचा हात धरून गिरवायचं नाही.

पहिल्या दिवशी बाबांनी कागद ढकलून दिला. सिस्टरनं दिलेला गोल कुंचला त्यांनी अंगठ्यावर घासून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. तिनं मुकाट्यानं चपटा दिला. बाबांनी तो रंगात बुडवला, डब्याच्या काठाला दोन्ही बाजूंनी पुसला, डाव्या हाताची मूठ टेकवून तिच्यावर उजवं मनगट ठेवलं, श्वास रोखला, आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ ओढली. मग श्वास सोडला. मग दुसरी. दोन तासांत रेघांचं शेत नांगरलं त्यांनी.

कागद ओला होता. सुनेनं तो घरी नेऊन अंगणातल्या तारेला चिमट्यांनी लटकवला. दिवेलागण झाली, बाबांनी चपला सरकवल्या, "पाटी वाळली का बघून येतो" म्हणाले, आणि अंगणात जाऊन तारेपाशी थांबले! कागदाचा कोपरा बोटानं चाचपला. "अजून कच्ची आहे," म्हणाले. चपला काढल्या. जेवायला बसले.

सून घास हातात घेऊन बघतच राहिली.

त्या दिवसापासून कडी लागली नाही. सून मात्र चलाख. रोज दुपारी बाबांचा डोळा लागला की ती तारेवरच्या कागदावर ओंजळभर पाणी शिंपडायची, संध्याकाळी पाटी कच्चीच सापडावी म्हणून. बुधवार ते बुधवार एक कागद तसा तग धरायचा. तिनं घरीही रंग देऊन पाहिले होते. पण बाबांनी उभ्या जन्मात घरी काम केलं नव्हतं. कुंचला हातात आला की ते तो खिशात खोचून दाराकडे निघायचे. घर जेवायला, काम कामाच्या जागी. तेव्हा बुधवार हवाच होता.

आणि बुधवार तीन महिन्यांपुरताच मंजूर होता.

तीन महिन्यांनी मोठ्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई येणार, प्रत्येकाला तीस गुणांचे प्रश्न विचारणार. आज वार कुठला, महिना कुठला, शंभरातून सात वजा करा, घड्याळ काढा. वर्ग सुरू होण्याआधी हीच परीक्षा झाली होती. बाबांना सहा गुण पडले होते. गुण वाढले तर वर्ग चालू, नाहीतर केंद्राला कुलूप.

ही बातमी मास्तरीणबाईंच्या कानावर गेली आणि घात झाला.

मास्तर म्हणजे गावच्या तीन पिढ्यांना गणित शिकवलेले. आता त्यांना स्वतःच्या घराचा जिना सापडत नव्हता. पण बाईंनी चाळीस वर्षं परीक्षांचा संसार केला होता. त्यांनी सगळ्या घरच्यांना ओट्यावर जमवलं.

"प्रश्न माहीत आहेत, उत्तरं माहीत आहेत, मग नापास कशाला व्हायचं? घोकून घ्या! पहिला प्रश्न वाराचा. परीक्षा बुधवारी, उत्तर बुधवार. मग महिना, मग गाव. क्रम सोडायचा नाही."

"अहो बाई, पण त्यांना राहील का ध्यानात?" दूधगाडीवाल्यानं विचारलं. त्याची आई, शिवणआजी, वर्षभर एक अक्षर बोलली नव्हती.

"माझ्या नवऱ्यानं दगडांना पाढे शिकवलेत. तू सकाळ-संध्याकाळ म्हणवून तर घे."

झालं. दोन आठवडे सिस्टर लसीकरणाला वाड्यावस्त्यांवर होती, आणि इकडे घरोघर बुधवार सुरू झाला. अंघोळीला बुधवार, घासाला बुधवार, औषधाच्या गोळीला बुधवार. सून बाबांच्या पाठीला साबण लावता लावता विचारायची, "आज वार कुठला?" बाबा वैतागायचे. "सारखं काय तेच? तुला माहीत नाही का?" दोन्ही बुधवारी केंद्र उघडलं, पण रंगांचे डबे उघडले नाहीत. मास्तरीणबाई छडीसारखा कुंचला हातात धरून उभ्या. प्रश्न, उत्तर. प्रश्न, उत्तर.

तारेवरचा जुना कागद पाणी पिऊन पिऊन फाटला. चिमट्यात चार निळ्या चिंध्या राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी बाबांनी त्या चिंध्या पाहिल्या, मान हलवली आणि सरळ फाटकाकडे चालू लागले. सुनेनं त्यांना कोपऱ्यावरून मागे आणलं. दुसऱ्या दिवशी वेशीवरून. तिसऱ्या दिवशी तिनं कडी लावली.

"पोरी, दार फुगलंय गं."

तिनं मनाला बजावलं, परीक्षेपुरतं. एवढी परीक्षा होऊ दे.

बुधवार उजाडला. म्हाताऱ्यांना धुतलेले कपडे घातले, केस विंचरले. दुपार झाली, ऊन कललं, डॉक्टरीणबाई आल्या नाहीत. घाटात त्यांची गाडी बंद पडली होती. निरोप आला: उद्या सकाळी येते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. दमलेल्या, बारीक चणीच्या, चष्म्याला दोरी. सिस्टरही तालुक्याहून परस्पर पोचली. बाई वजनकाट्याच्या चौथऱ्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि पहिलं नाव पुकारलं, मास्तरांचं.

"आजोबा, आज वार कुठला?"

"बुधवार!" मास्तर म्हणाले. त्यांच्यामागे बाकावरचे सहाही जण एका सुरात म्हणाले, "बुधवार!"

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. तिथं गुरुवार होता.

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. दिवस पुढं सरकला होता, पण पाठांतर सरकवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

पुढं तर गाडी रुळावरून घसरलीच. बाबांना डॉक्टरीणबाईंनी आधी गाव विचारलं, कारण त्यांच्या कागदावर प्रश्नांचा क्रम बदललेला. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं.

"आजोबा, तुमचं गाव कुठलं?"

"बुधवार," बाबा म्हणाले. सुनेकडे वळून हळूच विचारलं, "झालं का बरोबर?"

सुनेला वाटलं, जमिनीनं दुभंगून पोटात घ्यावं. बाबांना चार गुण पडले. मास्तरांचे तीन घटले. शिवणआजी प्रश्न ऐकता ऐकता मुलाच्या शर्टाचं बटण चाचपत राहिली, तिला शून्य.

सिस्टरनं इकडेतिकडे पाहिलं. कोरडे कुंचले, बंद डबे. "दोन बुधवार रंग काढलेच नाहीत तुम्ही?" तिनं विचारलं. कुणी मान वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागद जुळवले. आवाजात कडवटपणा नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. "सिस्टर, तुमची मेहनत दिसते. पण गुण कुणाचेच वाढले नाहीत, उलट घटलेत. मी यावर काय लिहू?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. तो टक्क आवाज सुनेला ओळखीचा वाटला. बाहेरून कडी पडते तेव्हा असाच होतो.

ती उठली. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी बाई, पदराचं टोक मुठीत धरून चौथऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही त्यांना जे विचारता ते त्यांना येत नाही. येणारही नाही. आम्हाला विचारा."

"काय विचारू?"

"मी यांना कोंडून ठेवत होते," ती म्हणाली.

केंद्र माणसांनी भरलं होतं. शेजारणी होत्या, मास्तरीणबाई होत्या, दूधगाडीवाला होता. तिनं कुणाकडे पाहिलं नाही.

"खोलीला बाहेरून कडी आहे. मी लावून घेतली. सासऱ्यांना जनावरासारखं कोंडायचे आणि बाहेर बसून रडायचे. हा वर्ग सुरू झाला आणि दहा बुधवार ती कडी एकदाही लागली नाही. एकदाही! हे रंगवायचे, ओला कागद तारेवर लागायचा, हे अंगणातच बघून घरात यायचे. मग आम्हाला दुर्बुद्धी झाली. रंग बंद केले आणि बुधवार घोकायला लागलो. दोन बुधवार रंग नाहीत, की कडी पुन्हा. वार त्यांना तेव्हाही माहीत नव्हता, आत्ताही नाही. पण दार उघडं होतं, मॅडम. ते तुमच्या गुणांत कुठं धरता?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

मास्तरीणबाई मागून ताडकन उठल्या. "माझंही लिहा! चूक माझी होती, तीही लिहा. आमचे हे माझ्यावर हात उगारायचे. कोण तू, माझ्या घरात कशी आलीस, म्हणून. या चाळीस वर्षांच्या बायकोला! इथं लाल रंगात बोटं बुडवायला लागल्यापासून उगारला नाही. मला ओळखत नाहीत, ते सोडा. पण 'बाई, बसा' म्हणतात. बसा म्हणतात हो!"

"आईचं सांगू?" दूधगाडीवाला म्हणाला. एवढा धिप्पाड गडी, पण त्यानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "वर्षभर मुकी होती. पाचव्या बुधवारी तिला घरी नेत होतो, आणि गाडीत मागून गाणं. मला वाटलं रेडिओ. गाडीला रेडिओच नाही! वळून बघतो तर आई. हाताला हिरवा रंग आणि गाते आहे.

सुईच्या गं नाकातून
दोरा गेला सरसर,
फाटक्याला टाका टाका
तसं उभं केलं घर.

गाडी रस्त्याच्या कडेला लावून ऐकलं मी. दूध नासलं तरी चालेल म्हटलं."

शिवणआजीनं त्याच्या शर्टाचं बटण सोडलं नव्हतं. पण आपल्या ओळी ऐकून तिची मान मात्र ठेक्यात हलली.

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खालीवर पाहिला. मग म्हणाल्या, "माझ्या कागदात याला रकाना नाही."

"मग पाडा की," सून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कागद उलटा केला. मागचं पान कोरं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि रकान्याची उभी रेघ मारायला घेतली. पट्टी नव्हती, रेघ सापासारखी वळवळली.

"च्!" असा आवाज आला. बाबा उठून उभे होते. त्यांनी त्या रेघेकडे पाहिलं, जसं जुना कारागीर नव्या पोराच्या कामाकडे पाहतो. चौथऱ्यापाशी आले आणि डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन सरळ काढून घेतलं.

"अहो बाबा..." सून पुढं झाली. सिस्टरनं तिला दंडाला धरून थांबवलं.

बाबांनी दुसरा कागद ओढला. डावी मूठ टेकवली, तिच्यावर मनगट ठेवलं, श्वास रोखला. त्यांच्याबरोबर सगळ्या केंद्राचा श्वास थांबला. पेन वरून निघालं आणि खालपर्यंत गेलं, कुठं थरथर नाही, कुठं जाडबारीक नाही, जणू आभाळातून ओळंबा सोडला.

"मधे दम सोडायचा नाही," ते डॉक्टरीणबाईंना समजावत म्हणाले. "दम सोडला की रेघ मोडते. कळलं? हं, आता लिहा."

"कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "सिस्टर, या रकान्याला नाव काय देऊ?"

सिस्टर म्हणाली, "घरी काय झालं."

मग काय विचारता! मघाशी माना खाली घातलेली माणसं चौथऱ्याला गराडा घालून उभी राहिली. एकाचे वडील आता न ओरडता जेवत होते. एकीच्या आत्याबाई रात्रभर झोपत होत्या, आणि त्यामुळे तीही. मास्तरीणबाई मधे उभं राहून रांग लावत होत्या, "एकेक बोला, मॅडमना दोनच हात आहेत!" पानाच्या तळापर्यंत रकाना भरला, दुसरं पान घ्यावं लागलं, त्यावरची रेघही बाबांनीच ओढली. सिस्टरनं मागे रंगांचे डबे उघडायला सुरुवात केली होती.

"मी वचन देत नाही," निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हे वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवेन, आणि उचललं जाईपर्यंत तिथून हलणार नाही."

त्या संध्याकाळी तारेवर नवा कागद लागला. बाबांनी कोपरा चाचपला आणि म्हणाले, "दोन दिवस लागतील." दुसऱ्या दिवशी सून पाणी शिंपडायला विसरली, तरी चाललं.

महिन्यानं लखोटा आला. सिस्टरनं तो केंद्रातच फोडला, सगळ्यांदेखत. वर्ग कायमचा मंजूर. शिवाय आजूबाजूच्या तीन गावांत नवे वर्ग. आणि सोबत नवे कोरे अर्ज, गठ्ठाभर. प्रत्येकाच्या मागच्या पानावर तोच रकाना. कचेरीतल्या कुणीतरी नवी रेघ मारायचे कष्ट घेतले नव्हते, बाबांचीच छापली होती. सरळसोट, एका दमातली. पाटीपाटीवर दुसऱ्यांची नावं रंगवून ज्यांचं स्वतःचं नाव कुठं लागलं नव्हतं, त्यांची रेघ आता प्रत्येक दवाखान्यात जाणार होती. मास्तरीणबाईंनी एक अर्ज उचलून दिव्यासमोर धरला. "दहापैकी दहा," म्हणाल्या.

"आणि तिथं शिकवणार कोण?" कुणीतरी विचारलं.

सिस्टरनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं मागे वळून पाहिलं, तिथं भिंतच होती.

"मी?" ती म्हणाली. "मला काय येतं?"

"डॉक्टरीणबाईंना रकाना पाडायला लावता येतो," दूधगाडीवाला म्हणाला. "बसा गाडीत वहिनी, सोडतो मी."

पहिल्या गावी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मागे कॅनच्या जागी रंगाचे डबे, पुढं पांढरा शर्ट घातलेले बाबा. गावच्या गोदामात आठ-दहा म्हातारी माणसं भिंतीला चिकटून बसली होती. एक बाई आपल्या आईला दंडाला धरून दारातच उभी होती. "हिला काहीच कळत नाही हो," ती पुटपुटली. "उगाच तुमचे रंग वाया."

"वाया जाऊ द्या," सून म्हणाली आणि पिवळ्या रंगाची परात पुढं सरकवली.

म्हातारीनं परातीकडे पाहिलं. कुंचला तिनं घेतलाच नाही. सबंध पंजा रंगात बुडवला, वर काढला, आणि कागद शोधू लागली. तिच्यासमोर बाबा पाठमोरे उभे होते, डब्यांची झाकणं उघडत. पांढरी, रुंद, कडक इस्त्रीची पाठ. तिनं पंजा उमटवला.

"अगं आई!" लेक किंचाळली.

सून पुढं झाली. अचानक कुणी हात लावला की बाबा भडकायचे. बाबा सावकाश वळले. म्हातारीकडे पाहिलं, तिच्या पिवळ्या हाताकडे पाहिलं. खांद्यावरून मान वळवून स्वतःच्या पाठीवरचा पंजा दिसतो का पाहिलं, दिसेना. मग ते पुन्हा वळले, पाय जरा फाकवले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पाठ तिच्यासमोर सपाट केली आणि म्हणाले, "बाकीची जागा कोण भरणार?"

लेकीला आधी हसू फुटलं. मग गोदाम हसलं, भिंतीला चिकटलेली माणसं एकेक करून सुटी झाली. म्हातारीनं दुसराही पंजा बुडवला. बाबा वाकून उभे होते, हलत नव्हते, आणि त्यांच्या पाठीवर एकामागून एक पिवळी पानं फुटत चालली होती.